मर्व्हला पुन्हा बोलावलंय

“मला काय झालंय ते मला सोडून अख्ख्या खोऱ्याला माहितीये! हा कसला दवाखाना चालवताय तुम्ही?” मर्व्ह टेटनं काउंटरवर असा हात आपटला की पेनांचा डबा लवंडला.

“ओरडू नकोस, मर्व्ह. काय झालंय तुला?” नर्स नायरी म्हणाली.

“तेच विचारतोय मी! किती दिवस उरलेत तेवढं सांग आणि मोकळी हो.”

बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी हातातली मासिकं खाली ठेवली. त्यात इतकं चांगलं काही छापून येत नाही.

मर्व्ह खरं तर दवाखान्याच्या वाटेला न जाणारा माणूस. लग्न नाही, पोर नाही. डोंगरउतारावर मेंढ्या आणि फ्लॉस नावाची कुत्री, एवढाच संसार. पण फ्लॉस म्हणजे फ्लॉस. एका शिट्टीवर सगळा कळप फाटकात आणून उभा करते, आणि वर मर्व्हकडे असं बघते की हे तुला जमलं असतं का? मागे काटेरी तारेनं त्याचा हात फाटला, तेव्हा टाके घालता घालता नायरीनं त्याचं रक्त, बीपी, साखर, सगळं उरकून घेतलं. पन्नाशी उलटलेल्यांची दर पाच वर्षांनी करतात ती तपासणी. सगळं ठणठणीत निघालं. पण त्याला कुणी सांगितलं नाही. इथली पद्धतच तशी. काही वाईट निघालं तर कळवायचं, नाहीतर गप्प बसायचं.

त्याच सुमारास दवाखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं. कुणाची कुठली तपासणी, ती पुन्हा कधी, निरोप काय द्यायचा, हे एकदा भरून ठेवलं की पुढचं बोलावणं ते आपोआप धाडतं. डॉक्टर म्हणाले, “सगळ्यांना लावायच्या आधी एकावर करून बघ.” नायरीनं मर्व्हला निवडलं. हा माणूस आला तर कुणीही येईल, असा तिचा हिशोब. किती काळानं, या चौकटीत तिनं पाच टाकलं. शेजारच्या चौकटीत आधीपासूनच ‘दिवस’ लिहिलेलं होतं, ते बदलून ‘वर्षं’ करायचं राहिलं. समोर ढळढळीत दिसत होतं हो! पण बघायचं कुणी?

मर्व्हकडे मोबाईल नाही आणि त्याच्या शेतावर रेंजही नाही. त्यामुळे त्याचे निरोप तिठ्यावरच्या बेरिलच्या दुकानातल्या फोनवर येतात. अर्ध्या खोऱ्याचे येतात. ‘मर्व्ह टेट यांची तपासणी पुन्हा करायची आहे’ असा पहिला निरोप आला, तो बेरिलनं लगेच त्याला सांगितला.

“एवढं रक्त पिऊन पोट भरलं नाही वाटतं त्यांचं,” म्हणून तो मेंढ्यांकडे गेला.

पाच दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. बेरिलनं त्याला सांगणं बंद केलं आणि दुकानात आलेल्या शर्लीला सांगितलं. “कुणाला बोलू नकोस हं. पण सारखं सारखं बोलावतायत म्हणजे काय ते समज.”

शर्ली समजली. संध्याकाळपर्यंत सगळेच समजले. आता सरळ जाऊन विचारावं की नाही, बाबा रे, तुला काय होतंय? नाही! आमच्याकडे तोंडावर विचारत नाहीत. आमच्याकडे खाणं ठेवून पळतात. मर्व्हच्या ओसरीवर लझानिया आला, भोपळ्याचं सूप आलं, खिमा भरलेली पाई आली, आल्याचा केक आला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, म्हणजे भांडं परत मिळावं. पहिल्या दिवशी मर्व्ह खूश. दुसऱ्या दिवशी चकित. तिसऱ्या दिवशी त्याचा घास हातातच राहिला. ओढ्यापलीकडचा हेक्टर शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा त्याच्या ओसरीवर अगदी अशीच भांडी होती. सॉसेजचं भांडं तर मर्व्हनंच नेऊन ठेवलं होतं.

रात्रभर विचार करून तो सकाळी शेजारच्या टिपेनेकडे गेला. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. एक मेंढा कुंपण ओलांडून गेला होता. तो कुणाचा, यावरून.

“मेंढा तुझा होता,” मर्व्ह म्हणाला. “आणि ही फ्लॉस. माझ्यामागं हिला तूच सांभाळ.”

टिपेनेचे डोळे भरले. “असं बोलू नकोस, भावा,” म्हणत त्यानं पट्टा हातात घेतला. जरा पटकनच घेतला.

तिथून मर्व्ह थेट दवाखान्यात आला आणि पेनांचा डबा लवंडला.

नायरीनं कॉम्प्युटर उघडला. बघितलं. कानापर्यंत लाल झाली.

“मर्व्ह, तुला काहीही झालेलं नाही. चूक माझी. पाच वर्षांऐवजी पाच दिवस पडलं.”

“म्हणजे मी मरत नाही?”

“नाही रे.”

मर्व्ह खुर्चीत बसला. हसला. मग ताडकन उठला. “फ्लॉस!”

टिपेने फाटकातच उभा होता. “दिलेलं परत मागतोस?”

“अरे, मी मरणार म्हणून दिली होती!”

“मग तू मरत नाहीस यात माझा काय दोष?” टिपेनेनं डोकं खाजवलं. “बरं, ने. पण एक अट. ‘मेंढा टिपेनेचा होता’ असं शनिवारी बेरिलच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचं. धडधाकट उभं राहून.”

मर्व्हला मरताना हे म्हणायला सोपं होतं हो! आता पुढची वीस वर्षं त्याच दुकानात दूध घ्यायला जायचंय. फ्लॉस कुंपणाच्या पलीकडून त्याच्याकडे बघत होती.

अर्ध्या तासात तो पुन्हा नायरीसमोर.

“नायरी, एवढं रक्त काढलंस माझं. नीट बघ की. काहीच नाही निघालं?”

“काहीच नाही.”

“थोडंसं तरी?”

“आत्ता बीपी जरा वाढलेलं दिसतंय.”

“बघ!” मर्व्हचा चेहरा उजळला. “हेच टिपेनेला लिहून दे, मी धडधाकट नाही म्हणून. जरा ठळक लिही.”

नायरीनं लिहून दिलं नाही. आज शनिवार आहे. मी निघतो आता, उशीर केला तर दुकानात उभं राहायला जागा मिळायची नाही.