फक्त काजं-बटणं राहिलीत

"एवढंसं भोक ठेवायचं होतं तर ठेवलंच कशाला मेल्यांनी! सरळ टाचणी म्हणून विकायची."

टेलिफोनबाई सुईशी भांडत होत्या. आवाज तसा दबका होता, पण बाकावर त्या मास्तरांना अगदी खेटून बसल्या होत्या, त्यामुळे सुईला पडणारी प्रत्येक शिवी आधी मास्तरांच्या कानावरून जात होती. मास्तरांनी हात पुढे केला, सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका दमात ओवून परत दिली.

"अजून दिसतं वाटतं तुम्हाला?"

"दिसत नाही. सवय आहे."

टेलिफोनबाईंना हे लागलं. उभा जन्म त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात भोकांत वायरी खुपसण्यात घालवला होता. गावभरची माणसं एकमेकांना जोडून दिली होती. आणि आता म्हातारपणी एक सुई त्यांना लाइन देत नव्हती.

दर बुधवारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. भिंतीवर पाटी होती, 'हातांना काम, मनाला सोबत'. वर्ग घेणारी ताई पन्नाशीकडे झुकलेली, आणि चेहरा कायम एका बसमधून उतरून दुसरी पकडायला निघाल्यासारखा. तिचं हसूसुद्धा डबल ड्यूटी करून आल्यासारखं दिसायचं. एकट्या राहणाऱ्या, किंवा भरल्या घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवायचं आणि त्यांच्याकडून एक भलंमोठं कापडी चित्र शिवून घ्यायचं, अशी योजना होती. चित्रात एक रस्ता, झाडं, घरं, पाखरं आणि वर सूर्य. चित्र पुरं झालं की खाली पेशंट ताटकळत बसतात त्या भिंतीवर लागणार आणि वर्ग दुसऱ्या वस्तीत जाणार. ताईने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पाणी प्यायची जागा कुठे आहे ते सांगावं तसं. त्यावर कुणी काही विचारलं नव्हतं. नंतर कुणी विषयही काढला नव्हता.

वर्गातले नेमाने येणारे चौघंच. मास्तर म्हणजे निवृत्त शिंपी. टेलिफोनबाई. कंडक्टर, ज्यांच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा अजून असायचा आणि बोलता बोलता ते तो टक टक वाजवायचे. आणि भूगोलाचे सर. सरांनी म्हणे वर्गात पोरांना पृथ्वी फिरवून दाखवली होती, पण इथे आल्यापासून त्यांनी "हं" याच्यापलीकडे एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

मास्तर मुलाकडे राहायचे, सातव्या मजल्यावर. मुलगा गुणाचा, सून त्याहून गुणाची. सकाळी दोघं कामावर जायची. जाताना सून थर्मासमध्ये चहा भरून ठेवायची. संध्याकाळी विचारायची, "काय केलंत बाबा दिवसभर?" मास्तर म्हणायचे, "मजेत." प्रश्न काय आणि उत्तर काय, पण दोघांचंही समाधान व्हायचं. मास्तरांचं शिलाई मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्यावर टीव्हीचा डबा ठेवला होता, कारण वायर तेवढीच पुरायची. दुपारी मास्तर पाय मोकळे करायला खाली जायचे. लिफ्टमध्ये शिरलं की बाईचा गोड आवाज यायचा, "कृपया दार बंद करा."

"करतो गं बाई," मास्तर म्हणायचे.

काही दिवशी ते त्यांचं दिवसातलं पहिलं बोलणं असायचं.

तर एका बुधवारी ताईने कापड टेबलावर पसरलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि टाळी वाजवली. "झालंच की! पुढच्या बुधवारी सूर्य लावला की संपलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बदली झालेल्या माणसाच्या निरोपसमारंभात वाजवतात, तशा.

"संपलं कसं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "फक्त काजं-बटणं राहिलीत."

हे वाक्य त्यांच्या जिभेवर आयुष्यभर मुक्कामाला होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की कापडाला अजून कात्री लागलेली नसली तरी ते आपसूक बाहेर पडायचं.

"चित्राला कसली हो काजं-बटणं, मास्तर?"

"म्हणजे… शिवण पक्की करायला हवी. मी मंगळवारी येऊन करतो."

मंगळवारी मास्तर आले, रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि कपाटातून कापड काढून एक पाखरू उसवलं. रीतसर उसवलं. टाका ओढायचा नाही. एक सोडून एक टाका कापायचा, मग दोरा आपला आपण वर येतो. कापडाला कळतसुद्धा नाही. गिऱ्हाइकाची तक्रार नसताना स्वतःची धडधाकट शिवण उसवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पण त्यांचा हिशोब साधा होता. एक पाखरू म्हणजे एक बुधवार.

दुसऱ्या दिवशी ताईने कापड उचललं आणि टेबलावर तीन पाखरं आणि एक छप्पर पडलं.

मास्तरांचे डोळे पांढरे झाले. त्यांचं पाखरू एकच होतं.

"मास्तर," ताई म्हणाली, "काल शिवण पक्की केलीत ना?"

आता आली का पंचाईत! उसवलं म्हणावं तर चोर, नाही म्हणावं तर शिंपी कच्चा. मास्तरांच्या हातची कॉलर आजवर सुटली नव्हती. शर्ट विरून गेले, कॉलरी राहिल्या. त्यांनी पडलेले तुकडे चष्म्याजवळ धरले. एका पाखराच्या कडेला गोल गोल भोकं होती. दुसऱ्याचे टाके हिसका मारून काढलेले. छप्पर तर चक्क ओरबाडलं होतं. मास्तरांचा संताप झाला. उसवल्याचा नव्हे, असं उसवल्याचा.

"हे काम माणसाचं की जनावराचं?"

"उंदीर," कंडक्टर तत्परतेने म्हणाले आणि चिमटा खिशात घातला.

"उंदीरच मेले," टेलिफोनबाई त्याहून तत्परतेने म्हणाल्या.

"हं," सर म्हणाले.

ताईने उंदीर मान्य केले. वेगळा काही विचार करायला लागतं तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. तिने कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. पुढच्या बुधवारी चौघंही डोळे पुसत शिवत होते आणि कंडक्टर नेमके ढगावर शिंकले. ढग धुऊन वाळवण्यात एक बुधवार गेला. गोळ्यांनी काही झालं नाही, दोन झाडं आणि एक दरवाजा गळालाच. मग ताईने पिंजरा आणला. उंदीर सापडला नाही, तिचंच बोट सापडलं. बोटाला पट्टी बांधून ती बसली, शिवता येईना. तेव्हा मास्तरांनी तिला एका हाताने उसवायला शिकवलं, म्हणजे टेलिफोनबाईंचे वाकडे टाके तरी काढता येतील.

"एक सोडून एक. ओढायचं नाही. कापडाला कळता कामा नये."

"काय सफाई आहे हो तुमची, मास्तर," ताई म्हणाली. "शिवणीत का नाही मग?"

मास्तरांनी तो घोट गिळला.

असं चित्र एक पाऊल पुढे आणि दोन मागे चाललं होतं. पण बुधवार मात्र रंगायला लागले. टेलिफोनबाई जुन्या लाइनींवर चोरून ऐकलेली भांडणं सांगायच्या, आवाज बदलून, दोन्ही बाजूंनी. कंडक्टर "चला, पुढे सरका" म्हणत चहाचे कप वाटायचे. सरांच्या "हं"मध्येसुद्धा आता फरक ओळखू यायला लागला होता. एक हो वालं, एक नाही वालं, आणि एक चक्क विनोदी.

आणि एका बुधवारी ताई फोन कानाला लावूनच आत आली.

"पुढच्या बुधवारी मोठे साहेब येतायत. तुमच्या घरच्यांनाही बोलावलंय. काहीही करून संपवायचं आहे. मी बाहेरचा शिंपी सांगितलाय, तो मशीनवर घट्ट मारून देईल."

"दुसरा शिंपी?" मास्तर उठून उभे राहिले. "माझ्या कामावर?"

"तुमची शिवण टिकत नाही ना हो," ताई हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाकीचे तिघं आपापल्या सुईकडे बघत राहिले. शिवण का टिकत नाही ते प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाला आपल्यापुरतंच.

"बाहेरचा नको," मास्तर म्हणाले. "माझं मशीन आणतो."

घरी सुनेने टीव्हीचा डबा उचलून जमिनीवर ठेवला. संध्याकाळचा कार्यक्रम बुडाला तरी तिची तक्रार नव्हती. "किती दिवसांनी, बाबा!" म्हणत तिने मशीनवरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली. मुलाने मशीन लिफ्टमध्ये घातलं. "कृपया दार बंद करा," लिफ्ट म्हणाली. मास्तर एरवीच्या सवयीने उत्तर देणार होते, पण मुलगा शेजारी होता. ते खोकले.

मंगळवारी सगळेच जमले. मास्तरांनी मशीन चालवलं. पाखरं बसली, छपरं चढली, झाडं मुळासकट दुहेरी शिवणीत अडकली. सूर्य तेवढा ताईने हट्टाने हातानेच लावला. बोट बरं झालं होतं तिचं. चित्र पुरं झालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. कंडक्टरांनी दिवा बंद केला आणि सगळे पांगले.

"दोरे कापायचे राहिलेत," म्हणून मास्तर मागे थांबले. थोड्या वेळाने जिना उतरायला लागले, तर टेलिफोनबाई वर येत होत्या.

"चष्मा विसरले हो माझा."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. खालच्या पायरीवर कंडक्टर होते. "छत्री राहिली," ते म्हणाले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांच्यामागे सर होते.

"हं," सर म्हणाले.

चौघं जिन्यावर उभे. कुणी कुणाकडे पाहीना. मास्तर कठड्याला लागून त्यांना वाट देत म्हणाले, "दुहेरी शिवण आहे. ओढू नका, कापड फाटेल." आणि खाली उतरून गेले.

बुधवारी खालची जागा खुर्च्यांनी भरली. दुसऱ्या रांगेत मास्तरांचा मुलगा आणि सून, दोघांनी अर्धी रजा टाकलेली. साहेब दोन शब्द म्हणून बरेच बोलले आणि मग त्यांनी दोरी ओढली. वरचा पडदा बाजूला झाला. क्षणभर सगळं चित्र दिसलं, रस्ता, झाडं, घरं. मग एक पाखरू खाली आलं. त्याच्यामागे दुसरं. छप्पर लोंबलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि पडलं. झाडं ओळीने कलंडली. शेवटी सूर्य सुटला, घरंगळत आला आणि साहेबांच्या बुटाशी टेकला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे… असंच आहे का? म्हणजे काही कल्पना वगैरे आहे?"

मग ते ताईकडे वळले.

"शिवण कुणाची?"

मास्तर उभे राहिले. खरं सांगणं अवघड नव्हतं. पण खरं जिथे जाऊन लागणार होतं ती दोन माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती, अर्धी रजा टाकून. मास्तरांनी आयुष्यभराची कॉलर एका क्षणात उतरवून ठेवली.

"माझी, साहेब. हात चालत नाही आता. कच्ची निघाली."

"काहीतरीच काय बाबा!" सून ताडकन उठली. "साहेब, ही बॅग बघा माझी. फाटली ती, पण बाबांनी शिवलेला पट्टा हलला नाही. यांची शिवण आपोआप सुटत नाही. कुणीतरी उसवलंय हे!"

टेलिफोनबाई पदराआड गेल्या. कंडक्टरांनी 'उंदीर' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सरांनी वाकून सूर्य उचलला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी सवयीने कड चाचपली. सूर्याला त्यांनी हात लावला नव्हता. बाकीच्या तिघांना असं जमलंच नसतं. एक सोडून एक टाका, स्वच्छ कापलेला, कापडाला न कळता. ही उसवण त्यांनी एकाच व्यक्तीला शिकवली होती. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई डोक्यावरच्या पंख्याकडे पाहत होती. पंखा बंद होता.

"बाबा," सून जवळ आली होती. "कुणी उसवलं?"

मास्तर 'मजेत' म्हणणार होते. ते तोंडात तयारच असायचं. पण आज तेही बाहेर पडेना.

"मीच गं. आम्ही सगळ्यांनीच. हे पुरं झालं की बुधवार संपतो."

"असं काय करता? आम्ही आहोत ना घरी."

"आहात ना. नाही कुठे म्हणतोय? संध्याकाळी आहातच." मास्तर हातातल्या सूर्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "पण दिवसभर माझ्याशी फक्त लिफ्ट बोलते गं. आणि तीही दार बंद करा म्हणते."