ठकीचा बर्फावरचा विमा

विम्यातलं मला कळतं. सव्वीस वर्षं मी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली आहेत. लोक पडतात, आपटतात, हातपाय मोडून घेतात, मग आमच्याकडे कागद पाठवतात, आणि त्या कागदांत खोट काढायची हे माझं काम. ऑफिसात मला ‘कात्री’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात. मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा आमच्या ठकीचा विमा काढायची वेळ आली तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की या बाबतीत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. असा विमा काढीन की कंपनी रडत रडत पैसे देईल!

ठकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. वय पंचवीस. मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर आठवडाभर परदेशात स्कीइंग करून आली, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, हौस फिटली. हौस कसली फिटतेय, तिला नुसती चव लागली होती. एका रविवारी सकाळी, तिची आई मशीनवर कुणाचा तरी परकर शिवत असताना आणि मी पेपर वाचत असताना तिने सांगितलं की ती पाच महिने तिकडेच राहायला चालली आहे. अख्खा हंगाम! एका हॉटेलात सकाळी न्याहारीचं काम, दुपारपासून मोकळी, आणि मोकळ्या वेळात डोंगरावरून घसरायचं.

मला धक्का बसला. घसरायला माणसाने इतक्या लांब जावं? आमच्या न्हाणीघरात फुकट घसरता येतं. बायकोने मशीन थांबवलंसुद्धा नाही. थंडी फार असेल, जाकिटाला आणखी एक अस्तर लावून देते, एवढंच ती म्हणाली. काही बायकांना कशाचाच धक्का बसत नाही, त्याचाही मला अधूनमधून धक्का बसतो.

हॉटेलवाल्यांची एकच अट होती. पूर्ण हंगामाचा विमा उतरवल्याचा कागद नऊ दिवसांनी येणाऱ्या मंगळवारपर्यंत त्यांच्याकडे पोचला पाहिजे. नाही पोचला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ठकी मोबाइल काढून म्हणाली, दहा मिनिटांत काढते. मी मोबाइल काढून घेतला. दहा मिनिटांत विमा काढणाऱ्यांचे क्लेम नाकारण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

आता यातली मेख अशी की मी ज्या कंपनीत काम करतो तिचाच विमा घ्यायचा, पण ओळख द्यायची नाही, असं मी ठरवलं. खालच्या मजल्यावर विक्री खातं आहे. तिथे जाऊन ‘आमच्या ठकीसाठी एक पॉलिसी द्या’ म्हटलं असतं तर चहाबरोबर पॉलिसी मिळाली असती. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? शिवाय आपली माणसं साध्या गिऱ्हाइकाला काय सांगतात तेही कळलं असतं. म्हणून मी घरून, साधा गिऱ्हाईक म्हणून, चौकशीच्या नंबरावर फोन लावला.

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने सांगितलं की साधा प्रवास विमा सलग पंचेचाळीस दिवसांचा. आणि त्यात स्कीइंगसाठी वेगळी जोड घेतली तर ती फक्त सतरा दिवसांची. म्हणजे अठराव्या दिवशी पोरगी बर्फावर उतरली की तिचं तिने बघायचं! मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अठराव्या दिवशी पाय मोडून घेतलेला एक गृहस्थ मीच परत पाठवला होता, आणि लोकांना वाचता येत नाही का म्हणून वर हसलोही होतो. पण तेच वाक्य ठकीचं नाव मनात धरून ऐकलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग तिच्याकडे अख्ख्या हंगामाची एक पॉलिसी निघाली. तिच्यात पाच महिने होते, पण अटींचं शेपूट मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. आखलेल्या उतारावरच घसरायचं. हेल्मेट हवंच. एक घोट जरी दारू घेतली असेल तर सगळं रद्द. जखमीला उचलायला हेलिकॉप्टर मिळेल, पण डॉक्टरने लिहून दिलं तर. तिथे बर्फात डॉक्टर कोण आणणार? मी विचारलं. मुलगी म्हणाली, विचारून सांगते. मी म्हटलं, बरं, मी पुन्हा फोन करतो.

चार दिवसांत मी सात फोन केले. डोंगरावर नेणाऱ्या तारेच्या पाळण्यातून वर जाताना पडली तर ते स्कीइंग की प्रवास? दुसऱ्या कुणावर जाऊन आदळली तर त्याचा पाय कुणाच्या खात्यात? आणि वाईटात वाईट, म्हणजे अगदीच वाईट झालं तर, तिला घरी आणायचा खर्च वजनावर असतो का? तिचं वजन बावन्न किलो, त्यात बूट धरायचे का? मी सगळं विचारलं. कामाची माणसं अशीच विचारतात. घरी जेवतानाही मी ठकीला एकेक अट समजावून सांगत होतो. ती ताट घेऊन आईच्या शिवणाच्या खोलीत जाऊन जेवायला लागली.

शुक्रवारी मी अर्ज भरून पाठवला आणि पाय पसरून बसलो.

शनिवारी सकाळी दाराची घंटी वाजली. दारात बोका उभा होता. बोका म्हणजे आमच्याच कंपनीच्या तपास खात्यातला माझा मित्र. मांजराच्या पावलाने येतो म्हणून बोका. रोज दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. मी म्हटलं, ये ये, शनिवारी कसा काय? त्याने चपला काढल्या, बगलेतली फाइल काढली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या कपाळावर पाल बसली आहे.

“नाव वाचून मला वाटलं दुसरा कुणीतरी असेल,” तो म्हणाला. “म्हटलं, आपला मित्र इतका गाढव नाही.”

फाइलवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: संशयास्पद चौकशी. त्याखाली माझं नाव!

मी कोचावर बसलो. बोका फाइल उघडून वाचू लागला. विमा काढण्याआधीच मृत्यूबद्दल, मृतदेह आणण्याबद्दल आणि नॉमिनीला पैसे कधी मिळतात याबद्दल जो इसम तीनपेक्षा जास्त वेळा चौकशी करील, त्याचं प्रकरण तपासाला पाठवावं, असं आमच्या कंपनीचं परिपत्रक आहे. मी म्हटलं, हा कुठल्या मूर्खाने काढलेला नियम? बोक्याने फाइल माझ्याकडे फिरवली. परिपत्रकाखाली सही माझी होती. तीन वर्षांपूर्वी ते लिहिल्याबद्दल साहेबांनी माझा सत्कार केला होता, पुष्पगुच्छ वगैरे देऊन.

मी हसून म्हटलं, झालं तर मग, तू मला ओळखतोस, मिटवून टाक. बोका हसला नाही. नियमाप्रमाणे घरातल्या प्रत्येकाचा जबाब वेगवेगळा, बंद दाराआड घ्यावा लागतो. ते कलमही माझंच.

तो आधी ठकीला घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि दार लावून घेतलं. मी माझ्याच घरात, माझ्याच कोचावर, परक्यासारखा बसलो होतो. आत नळ गळत होता तेवढा ऐकू येत होता. दहा मिनिटांनी ठकी बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग बायकोची पाळी. शिवणाच्या खोलीचं दार लागलं. मशीन थांबलं! पाच महिने परदेशाच्या बातमीला जे मशीन थांबलं नव्हतं ते बोक्यापुढे थांबलं.

आतून एकदम आवाज आला. मग दार उघडलं आणि बायको हातात कापायची कात्री तशीच घेऊन बाहेर आली.

“नऊ महिने पोटात मी वाढवली,” ती म्हणाली, “आणि नॉमिनी तुम्ही?”

मी समजावायला गेलो की असल्या वेळी कागद कुठले लावायचे ते मला ठाऊक, म्हणून माझं नाव घातलं. तशी ती आणखीच भडकली. असल्या वेळी तुम्ही कागद लावत बसणार का, असं तिने विचारलं. याचं खरं उत्तर ‘हो’ असं होतं.

बोक्याने जबाब वाचून दाखवले. वडील घरात मृत्यूचा विषय काढतात का? आईचं उत्तर: रोज, जेवताना. वडिलांपासून तुम्हाला काही धोका वाटतो का? ठकीचं उत्तर: हो.

मी ठकीकडे पाहिलं. ज्या पोरीला सायकल शिकवताना मी रस्ताभर वाकून धावलो, सहा महिने पाठ धरली होती माझी, तिने माझ्यापासून धोका आहे असं लिहून दिलं!

“काय धोका आहे गं तुला माझ्यापासून?”

बोका म्हणाला, आपल्या कंपनीत फोन रेकॉर्ड होतात, ते ऐक म्हणजे कळेल. त्याने मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि माझाच आवाज खोलीत घुमायला लागला. पाळणा, हेलिकॉप्टर, बावन्न किलो. ऐकताना माझी मलाच लाज वाटायला लागली. कुणी बाप आपल्या पोरीबद्दल असं बोलतो? सामानाची पावती फाडल्यासारखं? मी म्हटलं, पुरे. बोका म्हणाला, शेवट ऐक. शेवटी ती गोड आवाजाची मुलगी विचारते, आणखी काही, सर? मग माझा आवाज, एकदम बारीक. प्रवास रद्द केला तर पैसे परत मिळतात का? किती दिवस आधी रद्द करावा लागतो?

बोक्याने दुसऱ्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. त्याच्याही शेवटी तेच. तिसऱ्याच्याही तेच. मग त्याने मोबाइल खिशात घातला.

“सातही वेळा विचारलंस. बाकीचे प्रश्न बदलले, हा नाही बदलला.”

खरं सांगतो, मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं होतं हे माहीत होतं, पण सात वेळा विचारलं हे नाही. मला वाटत होतं मी विमा काढतोय. मी तर पोरीच्या जाण्यातच खोट काढत बसलो होतो, आणि मंगळवार उलटायची वाट बघत होतो.

ठकी माझ्यासमोर येऊन बसली. “बाबा, मी गेलेली नकोय का तुला?”

सव्वीस वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. अटी लागू, असं म्हणायची सोयच नव्हती.

“नकोय,” मी म्हटलं. “तू पडशील. रोज माझ्या टेबलावर पडलेली माणसं येतात. गुडघा, खुबा, मणका. एक जण धड नसतो त्यांत.”

“भाऊजी,” बायको बोक्याला म्हणाली, “जे पडत नाहीत ते कुणाच्या टेबलावर येतात?”

बोका विचारात पडला. म्हणाला, वहिनी, त्यांचं खातंच नाही आमच्याकडे.

बायको आत गेली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मी इतकी वर्षं अख्खं जग मोडकं समजत होतो, कारण धड माणसं कळवायला येत नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात परकर शिवणाऱ्या बाईला ठाऊक होती आणि मला नव्हती!

बोक्याने तिथेच बसून अहवाल लिहिला. हेतू संशयास्पद नाही. वडील घाबरलेले आहेत. पॉलिसी द्यावी. नॉमिनी बदलून आई करावी. खाली त्याने आणखी एक ओळ घातली: वडिलांना चौकशीच्या नंबरावर फोन करू देऊ नये. सोमवारी कागद निघाला, मंगळवारी हॉटेलात पोचला, आणि पुढच्या आठवड्यात ठकी दोन अस्तरांचं जाकीट घालून विमानात बसली. मी विमानतळावर तिला एकच सांगितलं, आखलेल्या उतारावरच घसर. ती हो म्हणाली. मी विश्वास ठेवला, म्हणजे प्रयत्न केला.

ते पाच महिने कसे गेले ते विचारू नका. ठकी परत आली ती बर्फावरच्या उन्हाने रापलेली, दोन किलोंनी वाढलेली आणि टुणटुणीत. मी तिला दारातच उभं करून गुडघे, खुबा, मणका सगळं बघून घेतलं. साधी मुरगळसुद्धा नाही!

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी क्लेमचा फॉर्म घरी आणला आणि सगळे रकाने नीट भरले. अपघाताची तारीख: नाही. इजेचं स्वरूप: नाही. उपचार: नाही. कुणीतरी कुठेतरी हे लेखी कळवायला हवं होतं. ठकीपुढे धरला, तिने न वाचता सही केली. विमावाल्याची मुलगी आणि न वाचता सही! हा धक्का वेगळाच.

फॉर्म रीतसर आवक झाला, कारण रकाने भरलेले असले की आमच्याकडे काहीही आवक होतं. दोन दिवसांनी रीतसर माझ्या टेबलावर आला. मी तो दोनदा वाचला. मग डोळे पुसले, चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि क्लेम नामंजूर केला. काय करणार, कागदपत्रं अपुरी होती.