एकोडीच्या दुनळी बंदुकीची मूळनिश्चिती

ज्या वस्तूचा कर्ता ठाऊक नाही तिच्यापासून समाजाला धोका असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. (देवाला यातून सूट आहे, त्याच्या परवान्याचे नूतनीकरण करावे लागत नाही.)

१९७८ च्या भाद्रपदात एकोडीचे पुंडलिकराव आजोबांच्या दुनळी बंदुकीचा परवाना नवा करायला तालुक्याला गेले, तेव्हा अर्जात दोन नवे रकाने निघाले: ‘बनवणाऱ्याचे नाव’ आणि ‘मूळ देश’. पुंडलिकरावांनी दोन्हींत ‘आजोबा’ लिहिले. कारकून भोजराजबाबूंनी अर्ज परत केला आणि बंदूक ठेवून घेतली. हे अगदी योग्यच झाले.

“बाबूजी, धान लोंबीवर येऊन राह्यला. एक बार काढला का डुकरं पळते. बंदूक द्या ना, नाव मंग पाहत बसा,” पुंडलिकराव म्हणाले.

“बिननावाच्या बंदुकीचा बार कागदावर वाजत नाही, पुंडलिकराव.”

चौकशी कसून झाली. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस असलेल्या पुंडलिकरावांच्या जावयांनी नळीचा वास घेऊन बंदूक विलायती ठरवली (ते तिथे टायपिस्ट आहेत). एका निवृत्त ड्रिलमास्तरांनी तिला जर्मन म्हटले, कारण ती जड होती. एकूण दोन तज्ज्ञांची पाच मते नोंदली गेली. मग नाव कोरलेले असेल म्हणून घोड्याजवळच्या पितळी पट्टीवर भिंग धरले, तर तीत भोजराजबाबूंना स्वतःचाच चेहरा दिसला. तेव्हा पुंडलिकरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंचा जबाब घेण्यात आला.

“दसऱ्याले शस्त्र घासूनच पुजा लागते. चिंच आन् राख. तिथं काही बारीक बारीक होतं खरं, मले वाटलं मळच आहे. एकतीस वर्सं घासलं तवा निंगाला.”

कचेरीने या कष्टांची कदर केली. पट्टीला आजचे रूप जिच्या हातून आले तीच निर्माती, असा निष्कर्ष निघाला आणि रकाने भरले: ‘सत्यभामाबाई, देश एकोडी’. मात्र बाईंकडे शस्त्रे बनवण्याचा परवाना नसल्याने बंदूक जमाच राहिली.

या सगळ्यात दोन दिवाळ्या उलटल्या. सहा एकरांतले पाच एकर धान डुकरांनी फस्त केले. (डुकरांना मूळ देश विचारण्याची तरतूद नाही.) पुंडलिकराव बांधावर बसून रडले. मला फार वाईट वाटले, पण अर्जात त्यासाठी जागा नव्हती.

उरलेल्या एकराचे धान गिरणीत गेले आणि तांदूळ होऊन कुठल्याशा दुकानात पोचले. वाचक हसत असतील तर आनंदच आहे. फक्त आज जेवलात त्या भाताचे ‘पिकवणाऱ्याचे नाव’ आणि ‘मूळ गाव’ एवढे दोन रकाने भरून द्यावेत. (बायकोचे नाव चालणार नाही.) भरता येत नसतील तर ताट कचेरीत जमा करावे. पोच मिळेल.