चिलटाचं सुतक

एका जंगलात, मुलांनो, एक मंडळ होतं. दचकू नका, वाघ अजून यायचा आहे. आला की मी सांगेनच, बहुतेक ओरडूनच सांगेन.

मंडळाचं नाव 'वंशवेल संशोधन मंडळ'. अध्यक्ष साळिंदरअण्णा. तळ्याकाठच्या मोठ्या खडकावर त्यांनी गेरूने जंगलाची वंशवेल काढायला घेतली होती. रोज एक फांदी वाढायची. स्वयंसेवकांना कानात खोवायला टाकळ्याचं पिवळं फूल मिळायचं. तेवढ्या फुलासाठी निम्मं जंगल स्वयंसेवक झालं होतं.

मंडळाचे उपक्रम तरी किती! 'म्हाताऱ्यांना बोलतं करा' होता. 'हरवलेला भाऊबंद शोधा' होता. आणि रोज संध्याकाळी 'निधनवार्ता सेवा' होती. ती टिटवीबाई सांभाळायच्या. भाऊबंदांत कुणी गेलं की त्या जंगलभर ओरडत फिरायच्या. पगार नाही, काही नाही. निव्वळ हौस.

सगळ्यांत उत्साही स्वयंसेविका होती रेवू नावाची ससुली. रेवूचं लग्न ठरलेलं होतं, टेकडीपलीकडच्या भुऱ्या सशाशी. त्यांचं कुलदैवत वेगळं, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. हळद दळून तयार होती. पण लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ही बया घरी बसेल तर ना! गेली एका चिलटाची मुलाखत घ्यायला.

चिलट म्हातारं होतं. म्हणजे सकाळी जन्मलेलं होतं, आणि आता दुपार कलली होती.

"आजोबा, तुमचं मूळ ठिकाण कुठलं?" रेवूने विचारलं.

"तळ्याकाठचं गवत."

"अगंबाई! आमचंही तेच! आणि कुलदैवत?"

"तळ्याकाठचा शेंदऱ्या धोंडा."

रेवूने टुणकन उडी मारली. मूळ ठिकाण एक, कुलदैवत एक, म्हणजे कूळ एक! ती धावत खडकाकडे गेली. अण्णांनी तिथल्या तिथे नवी फांदी काढली. टाळ्या झाल्या. सशांचे भाऊबंद एका दुपारीत लाखोंनी वाढले.

संध्याकाळी टिटवीबाई ओरडत आल्या. "चिलटआजोबा गेले हो, गेले!"

रेवूच्या आईच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली. भाऊबंद गेला म्हणजे दहा दिवसांचं सुतक. सुतकात कसलं लग्न?

"दहा दिवस काय, असे जातील," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिलटआजोबांचे चिरंजीव गेले. तिसऱ्या दिवशी नातू. शिवाय पुतणे, चुलतभाऊ, चुलते आणि शेजारच्या डबक्यातली अख्खी आळी. रोज संध्याकाळी सुतक नव्याने सुरू व्हायचं. जंगलात सण थांबले, बारशी थांबली. रेवूची हळद वाळून तिचे खडे झाले.

शेवटी टेकडीपलीकडून विहीणबाई आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याकडे रोज कुणीतरी जातंच. आमच्या भुऱ्याला दुसरीही सांगून आलीय. पौर्णिमेच्या आत लग्न झालं नाही, तर सोयरीक मोडली समजा."

भुरा मागे उभा होता. त्याचे कान पडले होते. रेवूचेही पडले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला पुढचं लिहवत नाही. पण लिहिते.

रेवू तडक अण्णांकडे गेली. "अण्णा, चिलटांची फांदी पुसा ना. मी हात जोडते."

अण्णांचे सगळे काटे उभे राहिले. "पुसायची? अगं, मंडळ नाती जोडतं! घटनेत पुसण्याची तरतूदच नाही."

"पण सात पिढ्यांपलीकडच्या नात्याला सुतक नसतं म्हणे."

"बरोबर. पण पिढ्या सशांनी मोजायच्या की चिलटांनी? त्यावर आम्ही पोटसमिती नेमली आहे. अहवाल येईपर्यंत सुतक चालू."

"समितीत कोण आहे?"

"कासव."

"आणि?"

"एकटं कासवच."

रेवू रडत घरी आली. आईने तिचे डोळे पुसले, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ऐक. कळलं तरच सुतक लागतं. माझ्या लग्नात तुझ्या बाबांचे चुलतआजोबा गेले होते. चार दिवस कुणी कुणाला सांगितलं नाही. बिघडलं का काही आमचं?"

"पण आई, आपले कान बघ की केवढाले! आपल्याला तर सगळंच ऐकू येतं!"

आई उठली आणि सावरीच्या झाडाखालून पदरभर कापूस घेऊन आली.

पौर्णिमेला गोरज मुहूर्त धरला. मागचं सुतक? सगळ्यांनी दहा दिवस आधीपासूनच कानात कापूस कोंबला होता, त्यामुळे ते केव्हाच फिटलं होतं. फार शांततेत गेले हो ते दिवस! सासवा-सुनांची भांडणंसुद्धा नुसती तोंडं हलवून झाली.

वऱ्हाडी वंशवेलीच्या खडकापुढे जमले, कापसासकट. बगळेगुरुजी मंगलाष्टकं म्हणायला लागले. कुणाला काही ऐकू येईना. गुरुजींनी मान लांब केली की 'सावधान' आलं, असं समजून सगळे अक्षता टाकायचे. गुरुजींना मान लांब करायची सवय फार. अर्ध्या मंगलाष्टकातच अक्षता संपल्या.

इतक्यात, मुलांनो, वाघ आला! बाई गं! सांगितलं होतं ना, ओरडेन म्हणून.

वाघाने डरकाळी फोडली. कुणी ढिम्म हललं नाही. वाघ गोंधळला. जंगलाने त्याला आजवर पाठ दाखवली होती ती पळताना. अशी उभ्या उभ्या कुणी दाखवली नव्हती. त्याने पुन्हा डरकाळी फोडली. पुढच्या रांगेतल्या मुंगसाने तेवढी तोंडावर हात धरून जांभई दिली.

केळीच्या पानाचा अंतरपाट दूर झाला. रेवूने हार उचलला आणि भुऱ्याच्या डोक्यावरून तिला पलीकडे वाघ दिसला. थेट तिच्याकडेच बघत होता.

 ओरडून उपयोग नव्हता, कुणी ऐकणार नव्हतं. पळायला जागा नव्हती. मग घाबरलेली स्वयंसेविका जे करते तेच तिने केलं. सवयीने विचारलं, "आपलं मूळ ठिकाण कुठलं? कुलदैवत?"

वाघ थबकला. शिकारीने त्याची अशी चौकशी कधी केली नव्हती. तो बोलू लागला. उत्तर ऐकायला रेवूने एका कानातला कापूस काढला. वर टिटवीबाई "वाघ! वाघ!" करत होत्या. निधनाचं काही बोलत नव्हत्या. म्हणजे मुहूर्त शाबूत होता.

"आमचं घराणं फार जुनं," वाघ छाती काढून सांगत होता. "तळ्याकाठचं. शेंदऱ्या धोंडा आमचं दैवत."

"अगंबाई! मग तुम्ही आमचे काकाच की!"

रेवू कुणाशी बोलतेय ते बघायला आता सगळे वळले आणि जागच्या जागी गोठले. अण्णांना मात्र कापसातूनही 'काका' ऐकू गेलं आणि ते गेरू घेऊन पुढे धावले. समोर नवा भाऊबंद असला की त्यांना भीती आठवायची नाही. "महाराज! आपल्याला सगळ्यांत वरची फांदी!"

"सगळ्यांत वरची?" वाघाने मिशा सावरल्या. "काढा."

फांदी निघाली. रेवूने झटकन भुऱ्याच्या गळ्यात हार घातला. भुऱ्यानेही तिच्या गळ्यात घातला. लग्न लागलं! मगच रेवू वर बघून ओरडली, "टिटवीबाई, आता सांगा तुमची बातमी!"

"चिलटआजोबांच्या खापरपणतूंच्या खापरपणतूंचे खापरपणतू गेले हो, गेले!"

"बरं मग?" वाघ म्हणाला. त्याची नजर विहीणबाईंवर होती.

"मग सुतक, काका," रेवू म्हणाली. "दहा दिवस. सामिष वर्ज्य."

"मी राजा आहे!"

विहीणबाईंनी कानातला कापूस केव्हाच काढला होता; आता पदर सावरला. आवाज थोडा कापला, पण म्हणाल्या, "राजघराण्यात तर फारच कडक पाळतात म्हणे. की तुमच्याकडे नाही तसं?"

 घराण्याचा प्रश्न होता. वाघ पंगतीला बसला आणि त्याने काकडी खाल्ली. मुलांनो, वाघाने काकडी खाणं हे डरकाळीपेक्षा भयंकर असतं. करकर आवाज होतो आणि तो आपल्याकडेच बघत असतो.

तेव्हापासून निधनवार्ता सेवेची फेरी फक्त वाघाच्या गुहेपर्यंत असते. टिटवीबाई रोज संध्याकाळी तिथे जातात आणि अगदी मनापासून ओरडतात. बाकीचं जंगल तेवढ्यापुरता कानात कापूस घालतं. वाघ दहावा दिवस कधी उजाडतो याची वाट बघतोय.

कासवाचा अहवाल अजून आलेला नाही. रेवू आणि भुरा रोज शेंदऱ्या धोंड्याला फूल वाहतात आणि तो अहवाल येऊ नये म्हणून नवस बोलतात.

तात्पर्य, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: आपली मुळं जरूर शोधावीत, पण लग्न उरकल्यावर. आणि जो आपल्याला खाऊ शकतो, त्याला सगळ्यांत आधी भाऊबंद करून घ्यावं. तो प्रेमाने वागेल असं नाही; पण त्याचं जेवण दहा दहा दिवसांनी पुढे ढकलता येतं.