धोंडूनानांच्या मशीनवरचे उखाणे

लग्नघर सोडलं तर आमच्या शिनोलीत सगळ्यात जास्त उखाणे धोंडूनानांच्या मळणी मशीनवर घेतले जात. मशीनच्या तोंडात गव्हाच्या पेंढ्या सारणाऱ्या माणसानं मधूनमधून उखाणा घ्यायचा, असा नानांचा कायदाच होता. मग ती बाई असो की बुवा. तोंडाला टॉवेल, डोळ्यांत भुसा, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि त्या सगळ्या खडखडाटावर आवाज चढवून नाना ओरडायचे, "नाव घे!"

जो अडखळला त्याला खाली उतरवायचे, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि लिंबाच्या सावलीत बसवायचे. हुज्जत घालायची सोय नव्हती. "आदी डोस्कं थंड, मंग मळणी," एवढंच उत्तर.

मी सून म्हणून या गावात आले ती नव्वदच्या दशकात. मला वाटलं, ही इथली रीतच असेल. नानांच्या पायी चांगले मिशीवाले बाप्ये कवी झाले होते. तालमीतला एक पैलवान तर बायकोचं नाव घ्यायला इतका लाजला, की पेंढी टाकून जो पळाला तो ओढ्यापलीकडे थांबला. बिनलग्नाच्या पोरांनी काय करायचं? त्यांना नाना म्हशीचं नाव घ्यायला लावायचे.

आमच्या सासूबाईंनी जन्मभर सासऱ्यांना "अवं" शिवाय हाक मारली नव्हती. पण मशीनवर चढल्या की त्यांना जोर यायचा:

"गव्हाच्या ओंबीला टोचत्यात कुसं,
गणपतरावांच्या टकलावर चारच केसं!"

त्यानंतर सासरे दोन दिवस घरातसुद्धा टोपी काढत नव्हते.

एका वर्षी आमचा गहू खळ्यावर येऊन पडला आणि भीमाशंकरच्या बाजूनं आभाळ भरून यायला लागलं. गहू भिजला तर वर्षाची चपाती काळी. माझ्या मालकांची, म्हणजे संजयरावांची, नुसती धावपळ चालली होती. पेंढ्या सारायला मी होते. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण हे असं सांगायची ती वेळ नव्हती.

"सूनबाय, नाव घे!" नाना ओरडले.

मी तोंडात आला तो उखाणा ठोकून दिला:

"लिंबाच्या झाडाखाली गार गार सावली,
गणपतरावांचं नाव घेते, मशीनला पेंढी लावली!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासरे भुशाच्या ढिगामागे गेले ते परत आलेच नाहीत. सगळं खळं लोळायचं बाकी राहिलं. मीही हसत होते आणि हसता हसता पुढची पेंढी उचलत होते.

एकटे नाना हसले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं.

"अवं नाना, चुकून गेलं तिच्या तोंडून! आभाळ बघा की राव!" आमचे हे कळवळून म्हणाले.

"आभाळ बघायला तू हाईस. मी हिला बघतो."

मला हात धरून खाली उतरवलं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लिंबाखाली पोचले मात्र, आणि भडाभडा ओकले. पाय असे लटपटायला लागले की दोघींनी धरून आडवं केलं. मग यांनीच पळत जाऊन पाणी आणलं. आभाळाकडे पुन्हा कुणी बघितलं नाही. ते आपलं आपण विरून गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात गहू निघाला.

मला उतरवलं त्या दिवशी जेवायच्या आत नाना निघून गेले होते. मळणीवाल्याला उपाशी धाडायचं नाही, म्हणून अंग सावरल्यावर सांजेला मीच पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्या घरी गेले.

ओट्यावर नानी बसल्या होत्या आणि नाना मागे बसून त्यांची वेणी घालत होते. नानींचा उजवा हात मनगटापासून नव्हता. मी गावात यायच्या आधीच मशीनमध्ये गेला, एवढंच मला ठाऊक होतं. मला बघून नाना असे ओशाळले, की पेड हातातून सुटला.

"घाला की! लाजताय काय?" नानी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हसत विचारलं, "सासऱ्याचं नाव घेतलंस म्हनं?"

मी मान खाली घातली.

"मी माझ्या भावाचं घेतलं व्हतं. अशाच उन्हात, मशीनवर. समदं खळं हसलं बघ."

"मीबी हसलो," नाना म्हणाले. "हसलो आन् वर म्हनलो, दे पुढची पेंढी."

भाकरीचं फडकं मी उगाच नीट करत राहिले. नानींनी डावा हात मागे नेऊन नानांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "जरा घट्ट घाला, रातीला सुटतीया."

नानांनी ग्रीसचे हात धोतराला पुन्हा पुसले आणि वेणी पहिल्यापासून घालायला घेतली.