हिंगाचं दुकान मायणीला गेलं तेव्हा

रुपया घसरला की विट्यातली परदेशी मालाची दुकानं गावापासून लांब जातात आणि परदेशातलं गिऱ्हाईक तेवढंच जवळ येतं. विट्यात याचं कुणाला नवल नाही. खाद्यतेलवाला मागच्या घसरणीत कऱ्हाड रस्त्याला गेला तो तिथंच रमला. पेट्रोलपंप तर इतका लांब गेला की तिथवर जाण्यातच टाकी रिकामी होई. नगरपालिकेनं मोकळ्या झालेल्या जागांवर पाट्या लावल्या होत्या : 'येथे वाहन लावू नये. दुकान कधीही परत येईल.'

हौसाक्का भिंगारदेवेच्या पापडगटाला मात्र या घसरणीनं कात्रीत धरलं. दुबईतला मोईदीनशेठ त्यांचे पापड घेई. रुपया पडत गेला तशी दुबई सरकत सरकत मायणीच्या माळापर्यंत आली. गिऱ्हाईक एवढं जवळ आलं, याहून काय हवं? पण पापडाला हिंग लागतो, हिंग परदेशचा, आणि चौकातलं पानाचंदशेठचं हिंगाचं दुकान सकाळी जागेवर नव्हतं; तेही मायणीच्या माळाकडंच गेलेलं. त्यात बातम्यांत सांगितलं, रुपया संध्याकाळी सावरणार. म्हणजे दुबई परत जाणार. हंगामात मागणी एवढी एकच होती. ती हुकली तर गटाला कुलूप लावायचं, असं ठरलेलं.

"बिनहिंगाचंच लाटूया की, अक्का," तिची धाकटी जाऊ मालन म्हणाली. मालनला सगळ्याचीच घाई.

"बिनहिंगाचा पापड लाटण्यापरीस भिंत सारवलेली बरी. पीठ उचला, पोळपाट घ्या. दुकान गेलंय तिथं आपुन जाऊ."

एसटीत कंडक्टरनं पाट्या-वरवंट्याचं अर्धं तिकीट फाडलं. माळावर उतरून बघतात तर पानाचंदशेठ आपल्या दुकानाच्या पायरीवर वारा खात बसलेले, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून मोईदीनशेठचं दुकान, मागं सगळ्या दुबईसकट. एक चाललेलं, एक येणारं, आणि रस्ता एकच. गाठ पडायचीच.

मोईदीनशेठ मूळचा केरळचा, पण हौसाक्काशी फोनवर घासाघीस करून करून मराठी शिकलेला. तो लगेच म्हणाला, "अक्का, रुपया पडला. भाव कमी करा."

"रुपया पडला म्हणून पापड बारीक झाला का? आन हिंगासाठी आमी गाव सोडून आलोय, ते कुणी भरायचं?"

"बरं, पापड कुठे आहेत?"

"पिठात."

पानाचंदशेठनं हिंग दिला. हिंगाच्या पाण्यात पीठ भिजलं, पाट्यावर कुटून मऊ झालं. गटाची रीत अशी की पहिली लाटी तेलात बुडवून दारात उभा असेल त्याला खाऊ घालायची, मगच लाटणं हातात धरायचं. दारात तेव्हा मोईदीनशेठच उभा होता. त्यानं लाटी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि पाचही बोटं चाटली.

"भाव जुनाच," तो शेवटी म्हणाला, "अजून एक द्या."

त्यानं पैसेही तिथल्या तिथं दिले. बायकांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. पापड भराभरा उतरू लागले, पण वाळवायचे कुठं? माळावर ढग दाटलेले. ऊन होतं ते हद्दीपलीकडं, दुबईत, आणि हद्दीवर हवालदार उभा होता.

"पासपोर्ट?" त्यानं विचारलं.

"मी न्हाई येत. पापड येतोय."

हवालदारानं नीट विचार केला. "पाय अलीकडं, हात पलीकडं. चालेल."

मग बायका पानाचंदशेठच्या पायरीवर ओळीनं बसल्या. मालननं निघताना घाईत ठेवणीतलंच उचलून आणलेलं लुगडं पलीकडं टाकलं, बाकीच्यांनीही वाळवणासाठी आणलेली जुनी टाकली. हात लांबवून पापड पसरायचे आणि मोईदीनशेठनं लुगडं पुढं ओढायचं, असं काम चाललं. ते ऊन असं कडक की लुगड्याच्या या टोकाला पापड टाकेपर्यंत त्या टोकाचा वाळून खडखडीत.

शेवटचा पापड पडला आणि रुपया सावरला. दुबई हलली. लुगड्यांवरच्या पापडांसकट, हात हलवणाऱ्या मोईदीनशेठसकट ती शिस्तीत मागं जाऊ लागली. ना ट्रकचं भाडं, ना बोटीचं. माल आपल्या पायानं पोचायला निघाला होता. आनंदानं हौसाक्काला रडूच फुटलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.

"माझं लुगडं गं!" मालन ओरडली.

"आता एसटी गाठा," कुणीतरी म्हणालं.

"एसटी कशाला?" पानाचंदशेठ म्हणाले. "पायरी घट्ट धरून बसा."

दुकान निघालं. गार वारा सुटला. विट्यात शिरताना लोक दारं उघडून बाहेर आले. पायरीवर पोळपाट मांडीवर घेऊन बसलेल्या बायका बघून कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी हलगी आणली, आणि दुकान चौकापर्यंत वाजतगाजत गेलं. पाटीपाशी ते बरोबर आपल्या जागी बसलं. हौसाक्का उतरली, उद्याचं पीठ भिजवायला हिंगाचा आणखी एक डबा तिनं मागून घेतला.

मालन अजून मायणीच्या रस्त्याकडं बघत होती.

"रडतीस कशाला?" हौसाक्का म्हणाली. "रुपया पडंल की परत. घडी घालून आणून देतील."