पांढरी जुडी

“पांढरी लिली आलीये, म्हणजे घरातलं कुणीतरी जायला हवं. नवी सूनच बरी. तिची अजून कुणाला सवय झालेली नाही,” असं सासूबाई आत्याबाईंना हळूच म्हणाल्या, ते जिना उतरता उतरता ऋजुताने ऐकलं. ती चार पायऱ्या परत वर गेली आणि पावलं वाजवत खाली आली.

इतर गावांत लोक आधी प्रसंग ठरवतात आणि मग त्याला शोभेल ती लिली आणतात. या गावात लिली आधी येत असे. सकाळी दार उघडावं, तर पायरीवर जुडी ठेवलेली. गुलाबी असली की बारसं, पिवळी असली की नोकरीतून निवृत्ती, केशरी असली की लग्न. पांढरी आली तर घरातलं एक माणूस कमी व्हायचं. कळ्या पुऱ्या उमलायच्या आत कार्य उरकायचं, एवढाच नियम. होळीच्या सुमारास देशिंगकरांच्या पायरीवर केशरी जुडी आली, तेव्हा त्यांच्या मुलाच्या, निनादच्या, मनात लग्नाचा विचारही नव्हता. ऋजुताला बघायला आल्यावर तो म्हणाला होता, “कळ्या फुगल्यात. उद्यापर्यंत कळवलंत तर बरं होईल.” तिला तो सरळ माणूस वाटला होता.

आता कुणी जायचं, यावर बैठकीच्या खोलीत रीतसर बोलणं झालं. सासऱ्यांची हरकत नव्हती, पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. आत्याबाईंनी काशीचं तिकीट काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “मी आनंदाने गेले असते. पण कैऱ्या आणून ठेवल्यात. लोणचं कोण घालणार?” सगळ्यांना ते पटलं. मग सगळेजण ऋजुताने केलेल्या पोह्यांचं कौतुक करू लागले.

दुपारी ती मागच्या मोरीत गेली, तर निनाद लिलीच्या बादलीत बर्फ टाकत होता.

“गारव्यात उशिरा उमलतात,” तो म्हणाला.

“मी गेले तर तू रडशील?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “आत्ताच सांगता येत नाही. थोडे दिवस मिळाले तर, हो.” मग बादलीकडे बघत त्याने सांगितलं, की मागे पलीकडच्या आळीत पांढरी जुडी आली, तेव्हा त्या लोकांनी भाडेकरूला पाठवलं होतं. कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर दोन पांढऱ्या जुड्या होत्या.

“हे आईंना सांगितलंस?”

“मी कसं सांगू? माझी आई आहे ती.”

संध्याकाळी चहाच्या वेळी एक कळी उकलली. सासूबाईंनी कप खाली ठेवला. “ऋजुता, तू काही बोलत नाहीस. मनात असेल ते सांग, बाई. आता तू घरचीच.”

ऋजुताने रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. सासूबाईंचा सगळ्यात शेवटी उचलला.

“आई, मी जाईन,” ती म्हणाली. “पण माझ्यासाठी कुणाला रडू येणार नाही, आणि उद्या पायरीवर दोन जुड्या येतील. तुमची सगळ्यांना सवय आहे. तुम्ही गेलात, तर एका जुडीत भागेल. लोणचं मी घालते. मीठ किती घालायचं, तेवढं आज दाखवून ठेवा.”